विजूच्या लॅपटॉपमधला कुलवृत्तांत

सावेडी, अहिल्यानगर
२७ ऑक्टोबर २०२५

ती. हेमूदादांना,

साष्टांग नमस्कार घालायला गुडघे तयार नाहीत, तेव्हा खुर्चीतूनच करते, गोड मानून घ्या. फोन केला असता, पण फोनवर तुम्ही नुसतं 'हो हो' म्हणता आणि ठेवल्यावर वहिनींना विचारता, 'विजू काय म्हणत होती?' कानाचं यंत्र लावायचं नाही, आणि ऐकू येत नाही हे कबूलही करायचं नाही. म्हणून पत्र.

आज मला माझी पाठ थोपटून घ्यायची आहे. दुसरं कोणी थोपटत नाही. ह्यांना सांगितलं तर हे म्हणाले, "बरं, चहा टाकतेस का?"

भाऊबीजेला आला होतात तेव्हा माझा लॅपटॉप कसा कुंथत होता आठवतंय ना? तुमच्या रिवाजाप्रमाणे तुम्ही बटण दाबलंत, हात जोडलेत, डोळे मिटलेत, गोत्र म्हटलंत, कुलदेवीचं नाव घेतलंत, सात पिढ्यांचे पूर्वज आठवलेत, डोळे उघडलेत, तरी पडद्यावर गोल फिरतच होतं! त्यात ह्या जुन्या विंडोजचे सुरक्षेचे अपडेट आता बंद झाले. नवीन विंडोज माझ्या यंत्राला झेपत नाही. अनन्याला विचारलं, तर लेक म्हणते, "आई, तू हात लावू नकोस. मी नाताळात येऊन बघते."

हात लावू नकोस? मी उभा जन्म दहावीच्या पोरांना गणित शिकवलं. मी हात लावला.

लॅपटॉपमधल्या जागेचे दोन हिस्से केले. एका हिश्श्यात जुनं विंडोज जसंच्या तसं, कारण आपल्या कुलवृत्तांताचा जुना फाँट तिथेच चालतो. दुसऱ्या हिश्श्यात लिनक्स, विंडोजचंच दुसरं भाऊबंद. ते फुकट मिळतं आणि माझ्या म्हाताऱ्या यंत्रावरही तुरुतुरु पळतं. आता लॅपटॉप चालू केला की पडद्यावर दोन नावं येतात, हवं ते निवडायचं. पहिल्या खेपेला एकेक सूचना तीनतीनदा वाचली, खोटं कशाला बोलू. पण जमलं. दादा, जमलं!

आता आनंदात आहे तोवर भांडण उकरते. कुलवृत्तांताची आवृत्ती कुलसंमेलनाआधी छापायची आहे. निघोजकरांची झाडून सगळी घरं त्यात मी टाइप केली. त्यात माझ्या वडिलांचं, म्हणजे तुमच्या काकांचं, पान मीच टाइप केलं. अप्पांच्या नावाखाली काय आहे? 'अपत्य: कन्या विजया, जावई श्री. सुहास मुळे. येथे वंश खुंटला.' मी जिवंत, माझी लेक जिवंत, नात मनवा कॉलेजात, आणि मीच माझ्या बोटांनी लिहायचं की वंश खुंटला? लेकींचे वंशही घ्या. नीट विचार करून उत्तर द्या.

तुमची
विजू


अकोले
३ नोव्हेंबर

चि. विजूस,

आशीर्वाद आहेतच, ते मागावे लागत नाहीत.

तुझं पत्र वाचून धसका घेतला. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, हे आपल्या आजोबांनाही ठाऊक होतं आणि त्यांच्याकडे लॅपटॉप नव्हता. नवी तलवार जुनीला बाहेर ढकलणार, माझं ऐक. मी तीस वर्षं एस.टी.ने गावोगाव फिरून ही माहिती गोळा केली. लोकांच्या ओसरीवर बसून वरणभात खाल्ला, तेव्हा एकेक नाव हाती आलं. ते सगळे कागद तू टाइप केल्यावर मी रद्दीत घातले, केवळ तुझ्या शब्दावर. आता ते आहे ते फक्त तुझ्या त्या पिवळ्या फोल्डरमध्ये. काही कमीजास्त झालं तर मी कुठे जाऊ?

दुसरा मुद्दा. कुलवृत्तांत म्हणजे कुळाचा वृत्तांत. लेक दिली की ती त्या घरची. तुझं नाव मुळ्यांच्या कुलवृत्तांतात असेल.

अप्पांवर माझा किती जीव होता तुला माहीत आहे. पण रीत ती रीत. हा विषय संपला.

पुढच्या आठवड्यात डोळे दाखवायला नगरला येतोय, कान नव्हे. मुक्काम तुझ्याकडे. अखेरची मुद्रितं डोळ्याखालून घालतो.

हेमूदादा

ता. क. मुळ्यांचा कुलवृत्तांत निघालाच नाही, असं तू लिहिणार. मला माहीत आहे. लिहू नकोस.


अकोले
१६ नोव्हेंबर

चि. विजूस,

मी सुखरूप पोचलो. तुला न भेटता निघालो त्याचा राग मानू नकोस. तू पहाटेच श्रीगोंद्याला डोहाळजेवणाला गेलेली, सुहासरावांची कंबर धरलेली, खाली बसवेना, म्हणून देवपूजा मीच केली. मग ते भाजी आणायला गेले. मला एक काम आठवलं आणि मी एस.टी. धरली.

तू लॅपटॉपचं जे केलंस ते धाडसाचं आहे. आपल्या घरात कोणी केलं नसतं. मला तुझा अभिमान वाटतो, हे मनापासून लिहितो आहे.

एक सांगायचं आहे. ते यंत्र तू काही दिवस उघडू नकोस. निदान कुलवृत्तांताकडे तरी जाऊ नकोस. तुझ्या डोळ्यांना ताण पडतो. राहिलेलं काम मी हाताने करीन. अनन्यालाही एवढ्यात बोलावू नकोस, तिला उगाच कशाला त्रास.

पुरणपोळी राहिली. वाईट वाटतं.

हेमूदादा


सावेडी
२० नोव्हेंबर

दादा,

नमस्कार.

पुरणपोळ्या तुमच्यासाठी केल्या होत्या. तीन वाजता उठून पुरण वाटलं आणि मग एस.टी. धरली. परत येऊन बघते तर ताट झाकलेलं, तुमची पिशवी नाही, आणि हे दारात मेथीची जुडी घेऊन उभे. "दादा कुठे गेले?" मलाच विचारतात!

आणि वर हे पत्र. तुम्ही मला कधी चांगलं म्हटलेलं मला आठवत नाही. एस.एस.सी.ला गणितात पहिली आले तेव्हा म्हणालात, 'पेपर सोपा असेल.' ते तुम्ही आज अभिमानाबिभिमानाचं लिहिता आणि त्याच पत्रात काम काढून घेता? मी काही कुक्कुलं बाळ नाही. लेकींचा विषय काढला म्हणून राग आला, असं सरळ लिहा की. माझ्या डोळ्यांची काळजी कशाला पुढे करता? माझे डोळे ठणठणीत आहेत. दाखवायला तुम्ही आला होतात.

पण तुम्ही संपादक. काढून घेतलंत तर घेतलंत. तुमची आज्ञा म्हणून विंडोजकडे मी फिरकलेसुद्धा नाही. लिनक्समध्ये मनवाशी व्हिडिओवर बोलते, पेपर वाचते, लाइटबिल भरते. तुमचा फोल्डर तुमच्यापाशी. त्याला मी बोट लावणार नाही, जोवर तुम्ही तोंडाने 'विजू, उघड' म्हणत नाही.

जड अंतःकरणाने लिहिलं आहे. हसून वाचू नका.

विजया मुळे


अकोले
४ डिसेंबर

चि. विजूस,

सही 'विजया मुळे' अशी केलीस. बरं.

मी रागावलेलो नाही. एवढ्यावर विश्वास ठेव.

सहज विचारतो, अप्पांचं जन्मसाल काय? आणि तुझ्या आईचं माहेरचं नाव? वरच्या घरातल्या धोंडूकाकांना मुलं किती होती, आठवतं का? घाई नाही. पण लवकर कळव.

हेमूदादा


सावेडी
२२ डिसेंबर

ती. दादांना नमस्कार.

तुमची 'सहज' विचारलेली माहिती सोबत पाठवली आहे. अप्पांचं साल, आईचं माहेर, धोंडूकाकांची मुलं. पण दादा, मी गणिताची बाई आहे. हे सगळं मीच तर टाइप केलंय! तुम्हीच मला दिलं होतंत. मग मलाच का विचारता?

पहिल्यांदा वाटलं, वय झालं, विसरले असतील. मग काल आपल्या चुलतबहिणीचा, पुष्पावतीचा, श्रीगोंद्याहून फोन. "अगं विजू, हेमूदादांचं काय चाललंय? आधी पत्र घालून माहेरच्या सगळ्यांचे जन्म-मृत्यू विचारले. मी लिहून पाठवले. आता दुसरं पत्र. माझ्या लेकींची, नातींची नावं, शिक्षणं, सासरं, सगळं कळव म्हणून. मी दोनदा वाचलं. मला वाटलं, दादा आजारीबिजारी आहेत की काय!"

राहुरीला दिलेल्या आपल्या पंकजालाही तसंच पत्र गेलंय म्हणे.

ज्या माणसाने मला लिहिलं 'रीत ती रीत', तो लेकींच्या लेकींची नावं गोळा करत हिंडतोय आणि मला पत्ता नाही? मी काय पाप केलं? सांगा. गोल गोल लिहू नका, तुम्हाला जमत नाही ते.

काळजीत,
विजू


अकोले
२७ डिसेंबर

चि. विजूस,

सांगतो. बसून वाच.

त्या दिवशी सुहासराव भाजीला गेले तेव्हा मी तुझा लॅपटॉप लावला. बटण दाबलं, हात जोडले, डोळे मिटले. गोत्र, कुलदेवी, पूर्वज, सगळं नेहमीप्रमाणे. डोळे उघडले तर पडदा तयार! इतक्या लवकर कधी उघडला नव्हता. पण तो आपला पडदा नव्हता. निळं काही नाही, पिवळा फोल्डर नाही. नुसता डोंगराचा फोटो आणि खाली अनोळखी चित्रं. दोन नावं येतात असं तू लिहिलं होतंस. मला एकही दिसलं नाही. सगळीकडे टिचकी मारून पाहिली. निघोजकर नावाची चिंधीसुद्धा सापडली नाही. तेव्हा कळलं, नव्या तलवारीने जुनी बाहेर फेकली. तीस वर्षं गेली.

विजू, मी खुर्चीत बसलो आणि तुझं पत्र आठवलं. 'दादा, जमलं!' असं लिहिलं होतंस. एवढी खूश तू अप्पा गेल्यानंतर दिसली नव्हतीस. मी तुला काय सांगणार होतो? की तुझ्या हातून सगळं गेलं? पुढचं सगळं आयुष्य तू ते मनाला लावून घेतलं असतंस, आणि लॅपटॉपला परत हात लावला नसतास. त्यापेक्षा मी म्हटलं, आपण परत गोळा करू. संमेलनाआधी जमेल तेवढं. पुरणपोळी घशाखाली गेली नसती, म्हणून निघालो.

कुळातल्या पुरुषांना पत्रं घातली. एकाने लिहिलं, 'बायकोला विचारून कळवतो.' दुसऱ्याने स्वतःच्या मुलाचं जन्मसाल चुकवलं, मीच बारशाला हजर होतो म्हणून मला कळलं! बाकीच्यांनी लग्नपत्रिकेवर उत्तर लिहिल्यासारखं दोन ओळींत आटोपलं. मग हरून पुष्पावतीला लिहिलं. तिने वहीच पाठवली. आपल्या आजीचं माहेर, धोंडूकाका कोणत्या साथीत गेले, कोणाचं बारसं पावसामुळे पुढे ढकललं, सगळं आहे त्यात. ज्यांना आपण 'दिल्या घरी गेल्या' म्हणून एका ओळीत उरकलं, त्यांनी आपलं घर जसंच्या तसं जपून ठेवलंय. आणि वहीच्या तळाला तिने लिहिलं होतं, 'दादा, माझ्या लेकींबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी शेवटच्या पानावर लिहिते. नको असलं तर फाडून टाका.'

मी ते पान फाडलं नाही. चष्मा काढला. तुझी वहिनी विचारायला आली, डोळ्यांत काही गेलं का? मी म्हटलं, हो, गेलं.

मग तू सोडून कुळातल्या सगळ्या लेकींना दुसरं पत्र घातलं. तुझ्याबद्दल मनात रागाचा कणसुद्धा नव्हता आणि नाही. जे गेलं ते गेलं. तू मनाला लावून घेऊ नकोस, ही हात जोडून विनंती.

तुझा
हेमूदादा


सावेडी
३१ डिसेंबर

हेमूदादा! अहो, हेमूदादा!

काहीही गेलेलं नाही!

मी तुमचं पत्र वाचताना हसत होते की रडत होते ते ह्यांना समजेना, हे पाण्याचा तांब्या घेऊन उभे राहिले. मग मला समजलं की दोन्ही चाललं होतं.

नीट ऐका. बटण दाबलं की पडद्यावर दोन नावं येतात. ती थोडाच वेळ थांबतात. त्या वेळात काही निवडलं नाही, तर लिनक्स आपोआप सुरू होतं, मी तसं लावलंय. आणि नेमक्या त्या वेळात तुम्ही काय करत होतात? डोळे मिटून पूर्वजांना नमस्कार! विंडोज होतं तेव्हा तुमचे सात पिढ्यांचे पूर्वज होऊन वर चहासुद्धा व्हायचा. लिनक्स तुम्ही पणजोबांपर्यंत पोचायच्या आत उघडलं. डोळे उघडलेत तेव्हा दोन्ही नावं कधीच निघून गेली होती. तुम्ही नव्या घरात शिरलात आणि जुन्या घरातली भांडी शोधत बसलात!

'विजू, उघड' असं तुम्ही म्हणाला नाहीत, पण आज मी शपथ मोडली. विंडोज उघडलं. पिवळा फोल्डर जागच्या जागी. एक काना-मात्रा इकडचा तिकडे नाही. अप्पांच्या नावाखालची ती ओळसुद्धा आहे, मेली.

आणि दादा, तुम्ही मला एवढी बावळट समजलात? हिस्से पाडायच्या आधी मी सगळ्याची नक्कल पेन ड्राइव्हवर घेतली. ती कुठे आहे ठाऊक आहे? देवघरात, कुलदेवीच्या टाकामागे. त्या दिवशी पूजा कोणी केली? तुम्हीच! तुमच्या तीस वर्षांवर तुम्ही स्वतः हळदकुंकू वाहून गेलात. आत्ता बघितलं, त्यावर अक्षताही आहेत.

ह्यांनी आज चहा स्वतः केला आणि म्हणाले, "विजया, हे काम तू भारी केलंस हं." दोन महिन्यांनी का होईना!

पण एक गोष्ट मनातून जात नाही. तुम्हाला वाटलं की माझ्या हातून तुमचा जन्मभराचा ठेवा गेला. तुम्ही, जे पंगतीत मीठ कमी पडलं तरी चारचौघांत ऐकवता, ते गप्प राहिलात. वर मलाच शाबासकी देऊन गेलात. आणि मी तुम्हाला 'विजया मुळे' सही करून पाठवली. त्या सहीची मला लाज वाटते.

आता जुनं सगळं सुरक्षित आहे. नवं गोळा करायची गरज उरली नाही. पुष्पावतीची वही परत पाठवायची की ठेवायची, ते तुम्ही ठरवा. मी आता हट्ट करणार नाही.

तुमचीच
विजू


अकोले
६ जानेवारी २०२६

चि. विजूस,

टाकामागे काहीतरी काळं आहे हे पूजेच्या वेळी मी पाहिलं होतं. मला वाटलं सुहासरावांची तपकिरीची डबी. देवघरात ठेवली म्हणून मनातल्या मनात त्यांना चार शब्दही ऐकवले. त्यांची माझ्या वतीने क्षमा माग.

तुझं पत्र वहिनीने मला मोठ्याने वाचून दाखवलं. तीन वेळा. हो, कानाचं यंत्र लावलं आहे. फार आरडाओरडा करू नकोस.

आता संपादक म्हणून निर्णय कळवतो. पुष्पावतीची वही परत जाणार नाही. मागाहून पंकजाने पाठवली तीही नाही. जुना कुलवृत्तांत जुन्या हिश्श्यात आहे तसा राहू दे, तो आपल्या वडीलधाऱ्यांच्या काळचा आहे, त्याला धक्का लावायचा नाही. नवा कुलवृत्तांत तू नव्या हिश्श्यात, नव्या फाँटमध्ये मांडायचा. त्यात लेकी येतील, लेकींच्या लेकी येतील. छपाईला उशीर झाला तर होऊ दे. संमेलनात कोणी विचारलं, 'ही कुठली रीत?' तर मी उभा राहून सांगेन, निघोजकरांची. मुखपृष्ठावर संपादक म्हणून दोन नावं येतील, तुझं आधी. यावर वाद नको.

आणि एका म्यानात दोन तलवारी राहतात. मी चुकलो. हे वाक्य जपून ठेव, परत मिळणार नाही.

मी पुढच्या आठवड्यात येतोय. बटण मीच दाबणार. पूर्वजांना नमस्कार आधी उरकून घेईन आणि डोळे उघडे ठेवून बसेन. पुरणपोळी कर.

अप्पांचं पान मी स्वतः लिहिलं आहे. खाली देतो. टाइप तू करायचंस, कारण दुसऱ्या कोणी केलेलं मला चालणार नाही. लाजून त्यातला शब्द गाळशील, मी तुला ओळखतो. एकही गाळायचा नाही.

'श्रीधर बळवंत निघोजकर, ऊर्फ अप्पा. नगरच्या शाळेत ड्रॉइंग मास्तर. अपत्य: कन्या विजया, जावई श्री. सुहास मुळे. विजयाने उभा जन्म गणित शिकवले. या ग्रंथाचे पानन् पान तिने टाइप केले. सदुसष्टाव्या वर्षी, कोणाच्याही मदतीशिवाय, आपल्या लॅपटॉपवर दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम बसवली आणि पहिलीला ओरखडाही येऊ दिला नाही. विजयाची कन्या अनन्या. अनन्याची कन्या मनवा. वंश चालू आहे.'

हेमूदादा